पायपोस कोणाचा, उंबरठा कोणाचा?

‘कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही’ असे आपण गोंधळाविषयी बोलताना सहज म्हणतो. म्हणताना त्यामागचे दृश्य मात्र आता डोळ्यांपुढे येत नाही. वस्तुतः ते दृश्य समारंभाचे आहे. वाड्यात बैठक भरली आहे, पाहुणे आत आहेत, त्यांचे जोडे ओसरीखाली एकमेकांत मिसळून पडले आहेत. मंडळी उठतात आणि समईच्या अपुऱ्या उजेडात ज्याच्या पायाला जो लागेल तो जोडा सरकवून घराकडे निघतात. पायपोस हा शब्द फारसी ‘पापोश’वरून आलेला, अर्थ पाय झाकणारा, म्हणजेच जोडा. आज वर्गात हा वाक्प्रचार फळ्यावर लिहिला की निम्म्या विद्यार्थ्यांना पायपोस म्हणजे पायपुसणे वाटते. शब्दाचा अर्थ हरवला, पण तो हरवताना जोड्याच्या जागी दारातले पायपुसणे आले, हे मोठे सूचक आहे. आपल्याकडे जोड्याचा इतिहास हा बव्हंशी दाराचाच इतिहास आहे.

हा विषय सुचण्याचे निमित्त अगदी किरकोळ आहे. डिसेंबर-जानेवारी हा आमच्या परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयांत स्नेहसंमेलनांचा मोसम. याच दिवसांत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत नोंदलेले परभणीचे किमान तापमान वर्तमानपत्रांत ठळकपणे छापून येते, आणि मराठवाड्यातले हे उन्हाचे गाव चार दिवस थंडीसाठी प्रसिद्ध होते. संमेलनात एक ‘पारंपरिक वेशभूषा दिन’ असतो. त्याच्या तयारीसाठी भरलेल्या बैठकीत एका सहकाऱ्यांनी सूचना मांडली : नऊवारीखाली पांढरे स्पोर्ट्‌स शूज आणि घोट्यापर्यंतचे मोजे घालून येणाऱ्या मुलींना त्या दिवशी व्यासपीठावर येऊ देऊ नये; मुलांनीही कुर्त्याखाली बूट घालू नयेत; पादत्राण पोशाखाला व परंपरेला साजेसे असावे. सूचना सद्हेतूने केलेली होती. बहुतेकांनी माना डोलावल्या. मी पुढच्या बैठकीपर्यंत वेळ मागून घेतला, कारण ‘परंपरेला साजेसे पादत्राण’ म्हणजे नेमके काय, हे मला सांगता येईना. प्रस्तुत लेख हा त्या मागून घेतलेल्या वेळेचा हिशेब आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. पायात घालायच्या वस्तूला मराठीत जितके शब्द आहेत तितके क्वचितच दुसऱ्या वस्तूला असतील. संस्कृत ‘उपानह्’पासून आलेली वहाण, ‘पादत्राण’चे बोलीतले रूप पायताण, दोन नग मिळून होणारा म्हणून जोडा, फारसीतून आलेला पायपोस, तुच्छतेने उच्चारायचे खेटर, आणि इंग्रजीतून येऊन पक्का मराठी झालेला बूट. ‘मोजा’ या शब्दाची कथा त्याहून मौजेची. फारसीत ‘मोझे’ म्हणजे चामड्याचा उंच बूट. तो हिंदुस्थानात आला आणि इथे त्याचा अर्थ बुटाच्या आत घालायचे विणलेले आवरण असा झाला. पुढे हाताच्या आवरणालाही आपण हातमोजा म्हणू लागलो. मुलांच्या पारंपरिक पोशाखात आज मिरवणारी मोजडी याच घराण्यातली दिसते. म्हणजे ज्या सहकाऱ्यांना मोजे परके आणि मोजडी आपली वाटते, त्यांनी एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी एकीला माहेरवाशीण आणि दुसरीला परकी ठरवले आहे.

या शब्दांभोवतीच्या म्हणी पाहिल्या तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जोडे मारणे, जोडे उचलणे, जोडे झिजवणे, जोड्याजवळ उभे करणे : यांतला एकही वाक्प्रचार थंडीवाऱ्यापासून पायाच्या रक्षणाविषयी नाही. सगळे मानापमानाविषयी आहेत. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण तर स्त्रियांविषयी आणि खालच्या मानलेल्या जातींविषयी किती निर्घृणपणे वापरली गेली, हे वेगळे सांगायला नको. भाषेने जोड्याला वस्त्रांच्या यादीत न घालता अधिकाराच्या यादीत घातले आहे. असे का झाले असावे?

याचे एक उत्तर आपल्या बसण्याच्या रीतीत आहे. जिथे जमिनीवर सतरंजी अंथरून बसायचे, तिथेच पानावर जेवायचे आणि तिथेच निजायचे, तिथे बाहेरची धूळ आत न्यायची नाही हे ओघानेच आले. त्यात चामड्याचा विटाळ मानणारी धर्मबुद्धी मिसळली. अशा घरात दिवसातून वीस वेळा काढावे-घालावे लागणारे पादत्राण टाचेकडून मोकळे असणेच सोयीचे. आपली वहाण आणि चप्पल या उंबरठ्याच्या संस्कृतीने घडवलेल्या वस्तू आहेत. उलट नाडीचा बूट हा, जो माणूस दर उंबरठ्याशी वाकत नाही, त्याचा आहे. तो खुर्चीवर बसतो, मेजावर जेवतो. त्याची जमीन ही चालण्याची जागा असते, बसण्याची नव्हे. बूट दिवसभर पायात राहणार म्हणून आत मोजा हवा. खुर्ची, बूट आणि मोजे ही तिन्ही मिळून एकच व्यवस्था आहे. त्यांतली एक वस्तू आली की मागोमाग दुसऱ्या दोन येतात. ही दुसरी व्यवस्था हिंदुस्थानात राज्यकर्त्यांच्या पायांनी चालत आली, आणि मग उंबरठ्यावर तंटा उभा राहिला.

तंट्याचा इतिहास रोचक आहे. गव्हर्नर जनरल अ‍ॅम्हर्स्ट यांच्या काळात, म्हणजे १८२० नंतरच्या दशकात, एतद्देशीयांनी आपल्यासमोर जोडे काढून यावे असा आग्रह धरला गेला. डलहौसींच्या काळात ही अट अधिक कडक झाली. युक्तिवाद असा की, तुम्ही देवळात व वडीलधाऱ्यांपुढे जोडे काढता. मग सरकारपुढे का नाही? परंतु १८५४ मध्ये एक फट ठेवण्यात आली : कलकत्त्यातील सरकारी समारंभांना युरोपीय धाटणीचे बूट घालून येणाऱ्या गृहस्थांना ते पायात ठेवता येतील. पुढे ही सवलत विस्तारत गेली. तिचा अर्थ नीट पाहावा. देशी जोडा दाराबाहेर. विलायती बूट दाराच्या आत. पाय तेच, माणूस तोच. बुटासोबत येणारे मोजे थंडीसाठी नव्हते. तो प्रवेशाचा परवाना होता. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वकील-मुनसफांची छायाचित्रे आठवून पाहावीत : डोक्यावर पगडी, अंगात लांब अंगरखा किंवा कोट, खाली धोतर, आणि धोतराखाली मोजे व बूट. आपण त्याला ‘संधिकाळातला वेश’ म्हणून हसतो. परंतु त्या वेशात सोय होती, व्यवहार होता; डोके घरच्या रूढीला आणि पाय कचेरीच्या दाराला सांभाळत होते.

प्रत्येकाने ही सोय पत्करली असे नाही. १८६२ मध्ये सुरतेच्या न्यायालयात माणेकजी कावसजी एंटी या पारशी असेसरांनी सत्र न्यायाधीशांपुढे जोडे काढण्यास नकार दिला. त्यांना न्यायालयात प्रवेश बंद करण्यात आला आणि त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरांकडे तक्रार केली. त्यावरून जी चर्चा झाली तीत लोकांनी मांडलेला मुद्दा आजही विचार करण्याजोगा आहे : घरात आणि देवळात आम्ही जोडे काढतो ते स्वच्छतेसाठी आणि पावित्र्यासाठी; न्यायालय ही सार्वजनिक जागा आहे, ते कोणाचे घर नव्हे. खाजगी जागेतला शिष्टाचार आणि सार्वजनिक जागेतला अधिकार यांतली रेषा जोड्याच्या निमित्ताने इतक्या स्वच्छपणे आखली जावी, ही लहान गोष्ट नव्हे.

परभणी मात्र इंग्रजी मुलखात नव्हती. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानात हाच तंटा उलट्या बाजूने चालला होता. हैदराबादच्या दरबारात इंग्रज रेसिडेंटनेही जोडे काढून, जमिनीवर बसून निजामाची भेट घ्यावी अशी रीत होती. जे इंग्रज कलकत्त्यात इतरांना जोडे काढायला लावत होते, त्यांचा प्रतिनिधी हैदराबादेत स्वतः मोज्यांनिशी दरबारात शिरत होता. ही रीत १८६९ मध्ये मोडली. अफझलुद्दौला वारले आणि जेमतेम अडीच वर्षांचे मीर महबूब अली खान गादीवर आले. रेसिडेंट साँडर्स यांनी बूट घालून येण्याचा आणि खुर्चीवर बसण्याचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. गादीवर बालक असताना हा बदल घडवून आणला गेला, यातच तो शिष्टाचाराचा नसून सत्तेचा प्रश्न होता हे दिसते. एका प्रचंड संस्थानाचा इतिहास रेसिडेंटचा पाय मोज्यात आहे की बुटात, एवढ्यावरून वाचता येतो.

पुढे याच महबूब अली खानांच्या नावाशी जोड्यांची एक दंतकथा निगडित झाली. हैदराबादच्या पुरानी हवेलीत त्यांची लाकडी कपाटांची लांबच लांब रांग आजही दाखवतात. एकदा घातलेला पोशाख ते पुन्हा घालत नसत असे म्हणतात. १९११ मध्ये ते वारल्यावर मुलगा उस्मान अली खान यांना वडिलांच्या एका जोड्याच्या टोकात कोंबून ठेवलेला जेकब हिरा सापडला आणि त्यांनी तो टेबलावर कागद दाबायला वापरला, अशी ती कथा. हिरा खरा आहे : वजन १८४ कॅरटांहून अधिक. १९९५ मध्ये भारत सरकारने निजामाचे जवाहीर २१८ कोटी रुपयांना घेतले, त्यात तोही आला. कथा किती खरी याचा निवाडा इथे करायचा नाही. राजाच्या जोड्यात हिरा असू शकतो, हे प्रजेला पटण्याजोगे वाटले, एवढे पुरेसे आहे. ज्या प्रजेला ते पटले, तिच्यातल्या बहुसंख्यांच्या पायांत त्या वेळी काहीच नव्हते.

राजधानीतला हा दिमाख परभणीपर्यंत पोचला तो दोन वाटांनी. पहिली वाट अंमलदारांची. हैदराबादच्या कारभारात जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’ म्हणवला जाई. त्याची कचेरी, त्याची शेरवानी आणि तिच्याखालचे चकचकीत बूट हे प्रतिष्ठेचे माप झाले. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे परभणीवरून धावू लागली आणि राजधानीचे वेश आणखी जवळ आले. दुसरी वाट फौजेची. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेले हिंगोली हे हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीचे गाव. १९०३ मध्ये ते दल हिंदुस्थानच्या फौजेत विलीन झाले. तथापि रिसाला, तोफखाना, पलटन, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे तिथे अजून नांदत आहेत. पलटणीतून निवृत्त होऊन पेन्शनपुऱ्यात राहिलेल्या शिपायाचे बूट हे सरकारने दिलेले, कवायतीसाठीचे. पण गावच्या जत्रेत ते घालून निघाले की तोच समारंभाचा जोडा होई. अशा रीतीने शेरवानीचा बूट आणि शिपायाचा बूट या दोन्हींनी आमच्या भागाला एकच धडा दिला : पायातली वस्तू सांगते की तुम्ही कुठपर्यंत आत येऊ शकता.

आता हाच धडा स्त्रियांच्या बाबतीत पाहू, कारण आमच्या बैठकीतला आक्षेप मुख्यतः मुलींच्या पायांवर होता. एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय मराठी स्त्रीने जोडे घालणे आणि छत्री घेणे हा पुरुषी अधिकारावरचा हल्ला मानला जाई. आनंदीबाई जोशी आणि काशीबाई कानिटकर यांना त्यासाठी रस्त्यात दगड खावे लागल्याचे स्त्रीसाहित्याच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. स्वतः आनंदीबाईंनी १८८३ मध्ये सेरामपूरच्या भाषणात, मुंबईत शाळेला जाताना लोक कसे भोवती जमत, खडे मारीत आणि दुकानदार कसे थुंकत, हे सांगितले आहे. रस्त्याने चालणारी स्त्री हाच मुळात अपराध होता; जोडा हा त्या अपराधाचा पुरावा. कारण जोडा घातलेली बाई म्हणजे जिला पुष्कळ चालायचे आहे अशी बाई.

त्याच वर्षी आनंदीबाई अमेरिकेला गेल्या. जाताना त्यांनी आपला हिंदू वेश सोडणार नाही असे ठरवले होते. पण फिलाडेल्फियाच्या हिवाळ्याने एक पेच उभा केला. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. थंडीच्या दृष्टीने ते अवघड आणि तिथल्या सभ्यतेच्या कल्पनेनुसार अप्रशस्त. त्यांनी लुगडे गुजराती पद्धतीने, घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली, आणि या बदलावरून गोपाळरावांची नाराजीही ओढवून घेतली. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या चरित्रामुळे हा काळ मराठी वाचकांपुढे आला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या पुण्यात वारल्या. हिवाळ्यात काय नेसावे आणि पायात काय घालावे हा प्रश्न त्यांच्यासाठी सौंदर्याचा नव्हता. एका बाजूला क्षय, दुसऱ्या बाजूला धर्म, तिसऱ्या बाजूला सात समुद्रांपलीकडून पत्रांतून खडसावणारा नवरा, आणि मध्ये उघड्या राहणाऱ्या चार बोटे पोटऱ्या. परंपरेला साजेसे पादत्राण कोणते, हे त्यांना कोणी सांगितले असते?

त्याच दशकात पुण्यात एका मेजवानीने पोशाखाचा अर्थ उलटा करून दाखवला. २ मार्च १८८८ रोजी हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कनॉट यांच्यासाठी समारंभ केला. निमंत्रितांमध्ये जोतीराव फुले होते. जरीकाठी मंडळींच्या त्या मेळाव्यात ते कुणब्याच्या साध्या, जीर्ण वेशात आले, आणि राणीच्या मुलाला त्यांनी सांगितले की इथे जमलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी रयत पाहायची असेल तर खेड्यात जा. मेजवानीला काय घालावे याचा इतका विचारपूर्वक निर्णय मराठी इतिहासात दुसरा क्वचितच सापडेल. ज्याच्यापाशी चांगला पोशाख होता, अशा माणसाने तो न घालणे, यातच त्या कृतीचे सामर्थ्य होते.

या चित्राच्या दुसऱ्या टोकाला एक मराठी राजकन्या उभी आहे. बडोद्याच्या सयाजीरावांची कन्या इंदिराराजे १९११ च्या डिसेंबरात दिल्ली दरबाराला गेल्या, तिथे कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी त्यांची ओळख झाली, आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेले लग्न त्यांनी स्वतःच मोडले. पुढे कूचबिहारची महाराणी झालेल्या इंदिरादेवींनी फ्लॉरेन्सच्या साल्वातोरे फेरागामो या विख्यात चर्मकाराकडे एकदम शंभर जोडांची मागणी नोंदवली, आणि एका जोडाच्या टाचांत जडवण्यासाठी आपले मोती व हिरे पाठवून दिले. फेरागामोने आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला आहे. हौस म्हणून पाहिले तर ही उधळपट्टी. पण जिने लग्नाची निवड स्वतः केली तिनेच जोड्याची निवडही स्वतः केली, हे योगायोगाचे वाटत नाही. काशीबाई-आनंदीबाईंच्या पिढीला ज्या वस्तूसाठी दगड मिळाले, त्या वस्तूत पुढच्या पिढीतली एक मराठी स्त्री हिरे जडवत होती. अर्थात, तिला हे करता आले ते ती राजकन्या होती म्हणून.

कारण जोड्याचा खरा हिशेब गावात होता. आमच्या भागातल्या गावगाड्यात चर्मकार हा बलुतेदार. कुणब्याचा जोडा, बैलाचे चामडी सामान, विहिरीची मोट हे सारे त्याच्या हातचे. मोबदला म्हणून सुगीत धान्याचे बलुते. मेलेले जनावर ओढून नेणे महारांकडे, कातडे कमावणे ढोरांकडे. सबंध गावाच्या पायांखालचे चामडे ज्यांच्या श्रमांतून आले, त्यांनाच सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. म्हणजे इंग्रज न्यायाधीशाने सुरतेत माणेकजींकडे जे मागितले, ते गाव आपल्याच माणसांकडे कितीतरी आधीपासून, तेही उघड्या रस्त्यावर, मागत होते. तिथे कोणी गव्हर्नरांकडे तक्रार लिहिली नाही, कारण लिहिता येऊ नये याचीही व्यवस्था गावाने केलेली होती.

म्हणून डिसेंबर १९२७ मधला महाडचा प्रसंग मला या इतिहासाचा मध्यबिंदू वाटतो. सत्याग्रह परिषदेच्या अखेरीस डॉ. आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी बोलले. त्यांनी सांगितले की लुगडे नेसण्याची तुमची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे. ती टाकून द्या. गुडघ्यापर्यंत नेसल्या जाणाऱ्या लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत उतरला. तो चार बोटांचा फरक रूढीने बंद ठेवलेला होता. कोणी किती लांब नेसावे हे ठरलेले होते. फिलाडेल्फियात आनंदीबाईंनी जो काठ हिवाळ्यासाठी खाली घेतला, तोच काठ महाडला माणूसपणासाठी खाली आला. आज मराठवाड्याच्या चौकाचौकांतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्यांकडे पाहावे. संतांच्या मूर्ती अनवाणी असतात. हा पुतळा मात्र कोट, टाय आणि बुटांसह उभा असतो. शिल्पकाराने बूट कोरायला विसरून चालत नाही. त्या बुटांत, काढून हातात घ्याव्या लागलेल्या सगळ्या वहाणांचे उत्तर आहे.

इथे एक स्वतःची आठवण सांगणे भाग आहे. माझे शिक्षण खेड्यातल्या शाळेत झाले. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पांढरे मोजे सक्तीचे असत. जानेवारीतली पहाट, मैदानावरचे दव, आणि आदल्या रात्री खडूने घासून पांढरे केलेले बूट. ज्यांच्याकडे ते नसत, त्यांना शेवटच्या रांगेत, झेंड्यापासून लांब उभे करीत. पाहुण्यांना ते पाय दिसू नयेत म्हणून. माझ्याकडे मोठ्या भावाचे बूट होते, दोन बोटे मोठे. पुढे कापूस कोंबून मी पहिल्या रांगेत उभा राहिलो. शेवटच्या रांगेत उभा असलेला माझा शेजारी कापूस वेचणाऱ्या आईचा मुलगा होता. मानवत-सेलूच्या बाजारपेठा ज्या कापसाने फुलतात त्या कापसाच्या मुलखातल्या मुलाला सुती मोजे मिळू नयेत, ही विसंगती तेव्हा मला कळली नव्हती. कळला होता तो फक्त आनंद, आपण पहिल्या रांगेत असल्याचा. त्या आनंदाची आज लाज वाटते.

समतेच्या सणाला, समान दिसण्याच्या नावाखाली, बुटाने मुलांची वाटणी केली. ती करणाऱ्या गुरुजींचाही हेतू वाईट नव्हता. शिस्त, टापटीप, एकसारखेपणा हे शब्द तेव्हा होते. आज संस्कृती, परंपरा, साजेसेपणा हे शब्द आहेत. शब्द बदलले, पण दाराशी कोणीतरी उभे राहून पाय तपासतो आहे, हे बदलले नाही.

यावर कोणी म्हणेल की मग शिष्टाचार नकोतच का? तसे मुळीच नाही. परभणीत फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. हिंदू-मुसलमान सारेच जातात आणि सारेच जोडे बाहेर काढतात. लग्नाच्या मांडवातही नवरदेव बूट काढूनच बोहल्यावर चढतो. १९९४ च्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटानंतर ते बूट पळवणाऱ्या मेहुण्यांचा खेळ आमच्याकडेही रूढ झाला. तिथे सर्वांना एकच नियम आहे आणि तो नम्रतेचा आहे. सर्वांनी जोडे काढणे हा शिष्टाचार. काहींनीच काढणे ही गुलामी. या दोहोंतला फरक सुरतेच्या लोकांना १८६२ मध्ये कळला होता.

आणि परंपरेविषयी म्हणाल तर ती कोणाची हेही विचारले पाहिजे. ज्या कोल्हापुरी चपलेला आपण अस्सल म्हणून मिरवतो, तिला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१९ मध्ये. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला आणि कंपनीला त्या घाटाचे मूळ मान्य करावे लागले. संताप योग्यच होता. परंतु त्या चपला शिवणाऱ्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या उंबरठ्याबाहेर ठेवले गेले, त्याबद्दल इतक्या तातडीने संताप उसळल्याचे मला आठवत नाही. आपल्याला जोडा आपला वाटतो. जोडा करणारा आपला वाटायला अजून अवकाश आहे.

बैठकीआधी मी एका विद्यार्थिनीला सहज विचारले, नऊवारीखाली हे बूट आणि मोजे कशासाठी? तिने विनोदाने किंवा बंडखोरीने उत्तर दिले नाही. ती म्हणाली, “सर, नाच संपायला रात्र होते. मग बसस्टँडपर्यंत चालत जावं लागतं, गावात उतरल्यावर पुन्हा दीड किलोमीटर. सँडलनं पाय सोलतात. आणि थंडी असते ना.” थोडे थांबून ती पुढे म्हणाली, “शिवाय दिसतात पण छान.”

मला वाटते, सबंध इतिहास या दोन वाक्यांत सामावतो. ज्या बाईला पुष्कळ चालायचे आहे तिने जोडा घातला म्हणून एकेकाळी तिला खडे मारले गेले. ही मुलगी रात्री एकटी चालत घरी जाते आणि तिला त्यासाठी जोडा हवा आहे. त्यापुढे जाऊन तो तिला छानही दिसायला हवा आहे. केवळ छान दिसतो म्हणून जोडा निवडणे, हा अधिकार कूचबिहारच्या महाराणीला होता, परभणी जिल्ह्यातल्या कापूस वेचणाऱ्या बाईच्या मुलीला नव्हता. तो इथपर्यंत यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. आपण साहित्य शिकवणाऱ्यांनी त्या अधिकाराच्या दाराशी पायपुसणे होऊन पडू नये.

पुढच्या बैठकीत मी एवढेच सुचवले की व्यासपीठाचा लाकडी तळ खराब होत असेल तर सर्वांनी, म्हणजे प्रमुख पाहुण्यांनी आणि आम्हा प्राध्यापकांनीही, बूट-चपला काढून वर जावे; तसे नसेल तर कोणाच्याच पायांकडे पाहू नये. प्रमुख पाहुण्यांच्या मोज्यांची काळजी वाटून असेल कदाचित, पण सूचना मागे घेण्यात आली. संमेलन पार पडले. रात्री सभागृह रिकामे झाले तेव्हा दाराशी एकही जोडा उरला नव्हता, आणि ज्याचा त्याचा पायपोस ज्याच्या त्याच्या पायात होता.